पश्चात्तापाचे खापर रुग्णाच्या माथी

वजन कमी करण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया करून घेण्याचा सल्ला आज आपल्या शहरांतील मध्यमवर्गाला सर्रास दिला जातो. या शस्त्रक्रियेची स्तुतिस्तोत्रे सर्वत्र कानी पडतात. परंतु ती करून घेतल्यावर ज्यांना पश्चात्ताप झाला, त्यांचा आवाज क्वचितच उमटतो. उमटलाच तर ‘यांनी पथ्य पाळले नाही’ या एका वाक्यात त्याची बोळवण केली जाते. शस्त्रक्रियेची निंदा करणे हा या लेखाचा हेतू नाही. पश्चात्तापाची कारणे रुग्णाच्या स्वभावात शोधावयाची, की ज्या व्यवस्थेने ही शस्त्रक्रिया त्याला विकली त्या व्यवस्थेत, एवढाच प्रश्न येथे मांडावयाचा आहे.

शस्त्रक्रियेच्या बाजूने जे सांगण्यासारखे आहे ते आधी सांगितले पाहिजे. स्वीडनमध्ये 1987 साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात 2010 रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली आणि तशाच 2037 रुग्णांवर नेहमीचे उपचार झाले. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, ज्यांच्या अन्नाचा मार्ग बदलण्यात आला होता, म्हणजे ज्यांची ‘बायपास’ झाली होती, त्यांचे वजन दहा वर्षांनंतरही मूळ वजनापेक्षा सरासरी 25 टक्क्यांनी कमी होते. शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचे प्रमाणही कमी आढळले. पुष्कळांचा मधुमेह आटोक्यात येतो, गुडघ्यांना आराम पडतो, झोपेत गुदमरणे थांबते. बहुसंख्य रुग्ण समाधानी असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु त्याच 2007 साली अमेरिकेतील युटा राज्यातील अभ्यासाने दुसरी बाजूही पुढे आणली. रोगांमुळे होणारे मृत्यू शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ घटले; मात्र अपघात, आत्महत्या अशा कारणांनी होणारे मृत्यू शस्त्रक्रिया झालेल्यांत 58 टक्क्यांनी अधिक होते. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात 2016 साली असे दिसून आले की, स्वतःला इजा करून घेतल्यामुळे तातडीच्या विभागात येण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर आधीच्या सुमारे दीडपट झाले. हे आकडे एकूण रुग्णसंख्येच्या मानाने लहान आहेत. पण त्यांमागे माणसे आहेत. वजन उतरले तरी जे दुःख वजनाचे नव्हतेच ते उरते, आणि अन्नाचा जो आधार होता तोही सुटतो. काही जण मद्याकडे वळतात. बायपासनंतर मद्य रक्तात अधिक वेगाने भिनते, ही गोष्ट आधी कळली असती तर आपण सावध राहिलो असतो, असे म्हणणारे थोडे नाहीत.

रुग्णांच्या पश्चात्तापाचे स्वरूप जवळून पाहिले तर त्यात एक समान सूत्र आढळते. गोड खाल्ल्यावर छातीत धडधड, घाम, चक्कर. पहिल्या काही महिन्यांत मुठीमुठीने गळणारे केस. झपाट्याने वजन उतरल्यामुळे होणारे पित्ताशयातील खडे. जठराची नळी करणाऱ्या ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेनंतर जडणारी छातीतील जळजळ. लोंबणारी कातडी, जी काढण्याचा खर्च पुन्हा वेगळा. लोह, कॅल्शियम, ब-12 आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या व रक्ततपासण्या जन्मभराच्या. आणि एवढे सोसूनही काही वर्षांनी काहींचे वजन परत वाढते. यांतील एकेक त्रास एकवेळ सोसता येईल. रुग्ण खरोखर खचतो तो, ‘हे मला कोणी नीट सांगितले नव्हते’ हे जाणवल्यावर, आणि ज्यांनी सांगावयाचे तेच आता दोष देत आहेत हे पाहून.

हा प्रकार आजचा नाही. लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून अन्न पुढे नेण्याची शस्त्रक्रिया 1954 साली अमेरिकेत सुरू झाली आणि पुढे तिचा मोठा बोलबाला झाला. वजन उतरे हे खरे. पण त्याबरोबर यकृत निकामी होणे, मूत्रपिंडात खडे, सांधेदुखी आणि न थांबणारे जुलाब मागे लागत. 1980च्या सुमारास शल्यविशारदांनी ती सोडून दिली आणि अनेकांची आतडी पुन्हा पूर्ववत जोडावी लागली.

त्यानंतर आला जठराभोवती आवळण्याचा पट्टा. अमेरिकेत 2001 साली त्याला परवानगी मिळाली. दक्षिण कॅलिफोर्नियाचे महामार्ग त्याच्या जाहिरातफलकांनी भरून गेले. या जाहिराती धोके पुरेसे सांगत नाहीत, अशी ताकीद सरकारी औषध प्रशासनाला 2011च्या डिसेंबरमध्ये द्यावी लागली. आणि त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत त्याच प्रशासनाने कमी वजनाच्या रुग्णांनाही पट्टा बसविण्यास मुभा दिली होती! वृद्ध व अपंगांच्या सरकारी विम्याचा हिशेब पुढे 2017 साली प्रसिद्ध झाला. 2006 ते 2013 या काळात पट्टा बसविलेल्या 25,042 रुग्णांपैकी 18.5 टक्के रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या, त्याही सरासरी जवळजवळ चार. पट्ट्यासाठी सरकारने मोजलेल्या 47 कोटी डॉलरपैकी 22 कोटी 40 लाख डॉलर या फेरशस्त्रक्रियांवर खर्च झाले. बसविण्याचे पैसे वेगळे, दुरुस्तीचे वेगळे, काढण्याचे वेगळे. आणि तिन्ही वेळा बिल भरले ते जनतेने. रुग्णाचा पश्चात्तापसुद्धा ज्या व्यवस्थेत उत्पन्नाचे साधन ठरतो, तिच्याकडून त्याचे निराकरण कसे व्हावे?

यावर उत्तर दिले जाते की, रुग्णाने संमतिपत्रावर सही केलेली असते. सही केली हे खरे. परंतु संमती ही माहितीवर उभी असते, आणि येथे माहिती देणाराच विक्रेता असतो. शिवाय सही करणारा माणूस कोणत्या अवस्थेत असतो? शाळेपासून चिडवलेला, नोकरीच्या मुलाखतीत नाकारलेला. स्त्री असेल तर लग्नाच्या बाजारात तोलली गेलेली. स्वस्त तेल, साखर आणि मैदा विकून एका उद्योगाने त्याचे शरीर घडविले. त्या शरीराची लाज विकून दुसऱ्याने त्याला दवाखान्याच्या दारात आणले. अशा माणसाच्या सहीला मोकळ्या मनाची निवड म्हणणे ही क्रूर थट्टा आहे.

आपल्या देशात तर हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा आहे. 2019 ते 2021च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील 35.5 टक्के मुलांची वाढ खुंटलेली आहे, आणि त्याच देशात 24 टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आहे. 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. बायपासनंतर अन्नातील लोह शरीरात कमी शोषले जाते. म्हणजे ज्या स्त्रीच्या रक्तात आधीच लोह नाही, तिला जन्मभर गोळ्यांवर आणि तपासण्यांवर अवलंबून राहावे लागते. 2019 साली विमा नियामकाने ठरविलेल्या अटी पूर्ण करणाऱ्या रुग्णाला शस्त्रक्रियेचा खर्च मिळू शकतो. पण आपल्याकडील बहुतेक विमा रुग्णालयात दाखल होण्याशी बांधलेला आहे. नंतरची तपासणी, आहारतज्ज्ञाचा सल्ला, मानसोपचार आणि गोळ्या हा सारा भार रुग्णाच्या खिशावर पडतो. शस्त्रक्रियेत नफा आहे, देखभालीत नाही, म्हणून शस्त्रक्रिया चकचकीत आणि देखभाल पोरकी.

वैद्यकीय परिषदेच्या 2002च्या आचारसंहितेने व्यक्तींनी वा संस्थांनी रुग्ण गोळा करणे अनैतिक ठरविले आहे. लठ्ठपणावरील औषधांच्या जाहिरातींना 1954च्या कायद्याने मज्जाव आहे. तरीही ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे राजरोस झळकतात. ‘नंतर’ म्हणजे बहुधा पहिले वर्ष. दहाव्या वर्षाचे छायाचित्र कोणी लावत नाही.

म्हणून काही मागण्या आग्रहाने केल्या पाहिजेत. अशा प्रत्येक शस्त्रक्रियेची आणि तिच्या पुढील परिणामांची सक्तीची सरकारी नोंद व्हावी. स्वीडनमध्ये 2007पासून अशी राष्ट्रीय नोंदवही आहे. शस्त्रक्रियेच्या दरातच किमान दहा वर्षांची देखभाल धरली जावी, आणि जिल्हा रुग्णालयांत ती मोफत मिळावी. शस्त्रक्रियेपूर्वीचा सल्ला तिच्यापासून फायदा नसलेल्या व्यक्तीने द्यावा, आणि त्या वेळी समाधानी रुग्णांबरोबर असमाधानी रुग्णांशीही भेट घडवावी.

2025पासून वजन कमी करणारी नवी इंजेक्शने भारतात विक्रीस आली आहेत. ती थांबविली की बहुतेकांचे वजन परत वाढते, म्हणजे हाही दीर्घकाळाचाच करार आहे. या करारात रुग्ण आयुष्यभर बांधला जातो. समोरचा पक्ष किती काळ बांधला जाणार, हे ठरविण्याचे काम बाजारावर सोडून चालणार नाही. ते काम कायद्याचे आहे, आणि तो कायदा मागण्याचे काम तुमचे-आमचे आहे.