अँथनीच्या वाट्याला गुत्ताच का?

जुन्या कौटुंबिक हिंदी चित्रपटांवर कुणी बोट ठेवलं की दोन बचाव हमखास पुढे येतात. एक, ‘तो काळच तसा होता’. दुसरा, ‘अमर अकबर अँथनी’. एवढा सर्वधर्मसमभाव आज कोण दाखवतो, असं विचारलं की वाद मिटला असं समजतात.

तो मिटत नाही. मनमोहन देसाईंच्या या 1977 च्या चित्रपटात ताटातूट झालेले तीन भाऊ तीन धर्मांत वाढतात, हे खरंच. पण कुणाच्या पदरात काय पडलं? हिंदू घरात वाढलेला अमर पोलीस इन्स्पेक्टर होतो, मुस्लिम शिंप्याने सांभाळलेला अकबर कव्वाल, आणि पाद्र्याच्या छायेतला अँथनी दारूचा गुत्ता चालवतो. प्रेमातही कुणी कुंपण ओलांडत नाही. अमरला लक्ष्मी, अकबरला सलमा, अँथनीला जेनी. शिवाय तिघे जन्माने एकाच हिंदू आईची लेकरं, म्हणजे बंधुभावालाही शेवटी रक्ताचाच दाखला लागतो.

गंमत अशी, की अँथनी गोन्साल्विस हे नाव खऱ्या माणसाचं. माजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू, त्यांच्या सन्मानार्थ ते नाव गाण्यात आलं. सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट अशा कितीतरी गोवेकरांनी हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले, स्वरलिपी लिहिली, संयोजन केलं. पडद्यावर मात्र त्यांच्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून आला तो ‘बॉबी’तला पिणारा ब्रगांझा.

‘पडोसन’चं (1968) तर काय सांगावं! मेहमूदने रंगवलेला मास्टर पिल्लई संगीत शिकलेला, शिकवणारा. त्याच्यावर मात करणारा नायक मित्राच्या उसन्या आवाजावर ओठ हलवतो. लबाडी नायकाची आणि हसू पिल्लईच्या उच्चारांचं. हिंदी चित्रपटात मराठी माणूस म्हणजे हवालदार नाहीतर मोलकरीण, हे पाहून चिडणारा प्रेक्षकही इथे पोट धरून हसतो.

आता ‘काळ तसा होता’ या बचावाकडे वळू. हृषीकेश मुखर्जींचा ‘अनाडी’ 1959 चा, म्हणजे ‘पडोसन’च्याही आधीचा. त्यात ललिता पवारांची मिसेस डिसा आहे. तोंडाने फटकळ, भाडेकऱ्यावर आईची माया करणारी घरमालकीण. खाष्ट सासू म्हणून ज्यांना घराघरात शिव्या बसायच्या, त्या येवल्याच्या बाईंना या भूमिकेने फिल्मफेअर मिळवून दिलं. पुढे बासू चटर्जींनी ‘खट्टा मीठा’त (1978) पारशी विधुर आणि विधवेचा संसार उतारवयात मांडला, आणि लगोलग ‘बातों बातों में’त (1979) मुंबईचं ख्रिस्ती घर दाखवलं. तिथला टोनी ब्रगांझा नोकरी करतो, लोकलने जातो, लग्नाला घाबरतो. मुलीच्या लग्नाची घाई झालेली पर्ल पदमसींची आई थोडी अर्कचित्रासारखी आहे, मान्य. पण तिच्या भोवती एक अख्खं घर आहे, त्यात भांडणं आहेत, पैशाची काळजी आहे. अँथनीच्या गुत्त्यानंतर दोनच वर्षांनी, त्याच मुंबईत हे जमलं. मग दोष काळाचा कसा?

याचा अर्थ ‘अमर अकबर अँथनी’ला कात्री लावावी, असाही नाही. ती मागणी करणाऱ्यांना चित्रपट नीट आठवत नसावा. त्यात कुणाच्याही धर्माची टवाळी नाही. अकबर साईबाबांच्या मंदिरात गातो आणि दृष्टी गमावलेल्या आईला दिसू लागतं. तर्काला न पटणारा हा प्रसंग कुणी विसरलेलं नाही. तिघा भावांत सगळ्यात लाडका ठरला तो गुत्तेवाला अँथनीच, आणि त्या भूमिकेसाठी अमिताभ बच्चन यांना फिल्मफेअरही मिळालं.

चित्रपट लावावाच, मुलांनाही दाखवावा. फक्त समभावाचा पुरावा म्हणून तो एकटाच पुढे करू नये. पुढच्या रविवारी ‘खट्टा मीठा’ लावावा, त्याच्या पुढच्या रविवारी ‘अनाडी’. मिसेस डिसा पाहिल्यावर अँथनीला गुत्ताच का दिला, हे एखादं पोर आपणहून विचारेल.