मातीच्या पत्रिकेतला तेरावा रकाना

घरी शेती असेल तर वडिलांकडून मृदा आरोग्य पत्रिका मागून घ्या आणि नीट वाचा. २०१५ साली सुरू झालेल्या या पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश यांपासून सामू आणि सेंद्रिय कर्बापर्यंत मातीच्या १२ गोष्टी दिलेल्या असतात. मातीत काय कमी आहे, हे त्यावरून कळते. पण आपण मातीत जे विष घातले, त्याचा रकाना कुठे आहे?

जळगाव-धुळ्याच्या काळ्या जमिनीत कपाशी पिकते आणि कपाशी म्हटली की फवारणी आली. शेतीतील डीडीटीवर १९८९ साली बंदी आली, तर एंडोसल्फान २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबले. परंतु फवारा थांबला म्हणजे औषध संपले असे नव्हे. डीडीटी मातीच्या कणांना चिकटून कित्येक वर्षे टिकते.

ते शोधायचे कसे? सायकलच्या साखळीचे वंगण पाण्याने निघत नाही, रॉकेलने निघते. तसेच ही औषधे पाण्यात फारशी विरघळत नाहीत. ॲसिटोन, हेक्झेन अशा द्रावकांत विरघळतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ सॉक्सलेट याने १८७९ साली दुधातील स्निग्धांश काढण्यासाठी बनवलेले काचेचे उपकरण मातीसाठीही वापरतात. पण एका नमुन्याला १६ ते २४ तास लागतात! आजच्या स्वयंचलित यंत्रात द्रावक सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. मोठ्या दाबामुळे तो उकळत नाही, द्रवच राहतो आणि २० मिनिटांच्या आसपास काम उरकतो. द्रावकही थोडाच लागतो. एक नमुना झाला की यंत्र आपणच दुसरा घेते. मग त्या अर्कात कोणते औषध किती आहे, ते वायू-वर्णलेखन यंत्र सांगते.

कोणी म्हणेल, एवढे महाग यंत्र शेतकऱ्याला कसे परवडणार? प्रत्येक शेताला ते नकोच. खानदेशात असे एक केंद्र असावे आणि प्रत्येक तालुक्यातील काही ठरावीक शेतांची माती तेथे दर काही वर्षांनी तपासली जावी. मात्र नमुना नीट घेतला नाही, तर उत्तम यंत्रही चुकीचेच उत्तर देईल. शेतात अनेक ठिकाणची माती घेऊन ती एकत्र मिसळायची, हे काम तुम्हीही शिकू शकता.

शेत वारशाने मिळते, तेव्हा त्यातले विषही वारशाने मिळते. ते किती आहे, हे विचारण्याचा हक्क तुमचाच आहे.