ईदीचे पैसे आणि गेमचं स्टीअरिंग

सांगलीतल्या बऱ्याच घरांत आता प्लेस्टेशन आलं आहे. मुलं कंट्रोलरवर गाड्या पळवतात, मग ईदीच्या पैशांतून स्टीअरिंग हवं म्हणतात. शौक वाईट नाही. २०११ मध्ये ब्रिटनचा जॅन मार्डनबरो ग्रान टुरिस्मो खेळत खेळत जीटी अकॅडमी जिंकला आणि खरा रेसर झाला. आपल्या शेजारी कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या शर्यती झाल्या आहेत. प्रश्न आहे तो पैसे कुठे घालायचे हा.

आधी खोका वाचावा. लॉजिटेकचं जी२९ प्लेस्टेशनसाठी आहे. तसंच दिसणारं जी९२० एक्सबॉक्ससाठी. एकाचं दुसऱ्यावर चालत नाही. फक्त पीसीसाठी असलेलं स्टीअरिंग तर दोन्हीकडे निरुपयोगी.

दुसरी गोष्ट फोर्स फीडबॅक. अशा स्टीअरिंगमध्ये मोटर असते. गाडी घसरली की मोटर चाक ओढते आणि हाताला कळतं. स्वस्तातल्या चाकात स्प्रिंग किंवा रबर असतं, फार तर थरथर. खोक्यात विजेचा वेगळा अ‍ॅडॅप्टर नसेल, तर बहुधा ही मोटरही नसते. जी२९चं चाक ९०० अंश, म्हणजे अडीच फेरे फिरतं. स्वस्तातलं बहुतेक वेळा १८० किंवा २७० अंशच.

आमच्या आठवीतल्या एका मुलाकडे दोन ईदींचे ४ हजार जमले होते. "सर, एवढ्यात येईल ना?" त्याने विचारलं. येतं, पण मोटरवालं नाही. नवं जी२९ २० हजारांच्या पुढे जातं. "मग थांब," आम्ही म्हणालो. तो नाराज झाला, पण थांबला.

वापरलेलं घ्यायला हरकत नाही, मात्र विकणाऱ्याच्या घरीच चालवून पाहावं. वीज दिली की जी२९चं चाक आपोआप डावी-उजवीकडे फिरून मध्यावर येतं. पेडल सावकाश दाबावं; पडद्यावर वेग झटके देत असेल, तर ते आतून झिजलं किंवा मळलं आहे. अ‍ॅडॅप्टर आणि टेबलाला आवळायचे क्लॅम्प शाबूत हवेत. घरचं टेबलही भक्कम असावं, प्लास्टिकचं टिकणार नाही.

अम्मी-अब्बांना एवढंच सांगणं: ईदी मुलाची आहे, नुसतं "नाही" म्हणू नका. त्याच्यासोबत बसून हिशेब मांडा. पैसे पुरेपर्यंत कंट्रोलर आहेच. तीन-चार हजारांचं चाक महिन्याभरात माळ्यावर जातं, आणि ते पैसे परत येत नाहीत.