तारण आणि बयाणा

मराठी बायबलात एक शब्द पानोपानी भेटतो. तारण. येशू तारणारा, त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्याचे तारण होते. हाच शब्द ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाड तालुक्यांच्या सोसायटीत आणि पतपेढीत रोज ऐकू येतो. कर्ज हवे? मग तारण काय ठेवता? जमीन, दागिने, नाही तर जामीनदार आणा. या पट्ट्यातल्या माणसाला हा अर्थ आधी ठाऊक असतो. बायबलातला समजावून सांगावा लागतो.

सांगणारा तो कसा समजावतो, यावर बरेच अवलंबून आहे. बहुतेकदा प्रश्न येतो तो मरणाचा. उद्या डोळे मिटलेस तर जाशील कुठे? स्वर्गात की नरकात? ऐकणारा घाबरतो, विचारात पडतो. शब्दाचा पतपेढीतला अर्थ तिथेच गळून पडतो आणि तारण ही मेल्यानंतरची सोय होऊन बसते. हे चुकीचे आहे, आणि खुद्द बायबलाच्या हिशेबाने चुकीचे आहे.

पौलाने ही कल्पना मांडायला जे शब्द घेतले, त्यांतले मोठे शब्द गुलामांच्या बाजारातून आलेले आहेत. दाम मोजून माणूस सोडवणे, हा त्यांचा रोजचा अर्थ. म्हणून तर मराठी भाषांतरात ‘खंडणी’ हा शब्द आला. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात चित्र आणखी उघडे आहे. आपल्याविरुद्धचा हातचा लेख, म्हणजे कर्जदाराने लिहून दिलेली चिठ्ठी, देवाने पुसून टाकली आणि वधस्तंभावर खिळली. सातबाऱ्यावरचा बोजा उतरताना ज्याने पाहिला आहे, त्याला या वाक्यावर प्रवचन लागत नाही. आणि प्रभूची प्रार्थना? मत्तयाच्या शुभवर्तमानात तिथे ‘ऋण’ हाच शब्द आहे. आमचे सोड, जसे आम्ही दुसऱ्यांचे सोडले आहे.

या सगळ्याच्या मागे लेवीय पुस्तकाचा 25 वा अध्याय उभा आहे. दर पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकायचे. विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत. कर्जापायी राबायला गेलेला माणूस मुलाबाळांसह आपल्या घरी परत. त्याआधी सोडवायचे असेल तर जवळच्या नातलगाने दाम भरून सोडवावे. देवाला ‘उद्धारक’ म्हटले जाते तेव्हा हिब्रूत त्या नातलगाचाच शब्द वापरलेला असतो. नासरेथच्या सभास्थानात येशूने यशयाचे पुस्तक उघडून बंदिवानांच्या सुटकेचा भाग वाचला, तेव्हा समोरच्या माणसांना हे सारे ठाऊक होते.

मरणानंतरचे काही नाहीच, असे म्हणायचे नाही. सार्वकालिक जीवन आणि देहाचे पुनरुत्थान या श्रद्धेच्या गाभ्याच्या गोष्टी आहेत, त्या काढल्या तर उरेल ते ख्रिस्ती राहणार नाही. पण ‘देहाचे’ हा शब्दही जरा नीट वाचावा. प्रकटीकरणाच्या शेवटी माणसे वर उडून जात नाहीत, देवाची नगरी खाली उतरते. या मातीशी आणि या शरीराशी देवाला देणेघेणे आहे, असा त्याचा अर्थ होतो.

आणि शरीर हाच इथला प्रश्न आहे. पावसाळा सरला की या दोन तालुक्यांतल्या वाड्यांमधून कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात. निघण्याआधी मालकाकडून बयाणा घेतलेला असतो. घरात तांदूळ नसतो, कुणी आजारी असतो, लग्न निघालेले असते. पतपेढी त्यांना दारात उभे करत नाही, कारण ठेवायला काही नाही. मग नवरा, बायको आणि हाताशी आलेली पोरे, यांचे हातपाय हेच तारण. वेठबिगारी रद्द करणारा कायदा 1976 सालचा आहे. बयाणा फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही, ही रीत त्यालाही पुरून उरली आहे. अशा माणसापुढे तारण हा शब्द उच्चारायचा आणि कर्जाबद्दल अवाक्षर काढायचे नाही, हे कसे जमते? निदान जमवताना जीभ तरी अडखळावी.

पंडिता रमाबाईंची जीभ अडखळली नसती, कारण त्यांना ते जमवायचेच नव्हते. ख्रिस्तावाचून तारण नाही, अशी त्यांची ठाम श्रद्धा होती. केडगावच्या आश्रमाला त्यांनी नाव दिले ते ‘मुक्ती’. पण त्या मुक्तीत दुष्काळातून उचलून आणलेल्या बायकांना आधी जेवण होते, मग अक्षरओळख, मग माग, तेलघाणा, छापखाना. बायबलाचे त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत केलेले भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 साली बाहेर आले. त्याचे खिळे त्या आश्रमातल्या मुलींनीच जुळवले होते. परलोकाबद्दल रमाबाई कमी बोलल्या, असे कुणी म्हणू शकणार नाही. त्या बायकांना मात्र दुसऱ्याच्या दारी राबायला परत जावे लागू नये, हे त्यांनी पाहिले.

या पट्ट्यात कुणी शुभवर्तमान घेऊन येणार असेल, तर त्याने आधी दिवाळीच्या सुमारास एखाद्या वाडीवर यावे. बयाणा तेव्हाच हातात पडतो. हिशेब होतो तो पुढचा पाऊस तोंडावर आल्यावर, आणि वही मालकापाशी असते. घेणाऱ्याला ती बहुधा वाचता येत नाही.