वजन उतरते, भाव चढतो

औषध तेच, कारखाना तोच, सुईही तीच. परंतु त्याचा भाव एका रात्रीत जवळजवळ पावणेतीन पट व्हावा, असा प्रकार ब्रिटनमध्ये १ सप्टेंबर २०२५ रोजी घडला. अमेरिकेतील एली लिली या कंपनीचे ‘मौंजारो’ हे वजन उतरविणारे इंजेक्शन तेथे खाजगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. त्याच्या सर्वांत मोठ्या मात्रेची महिन्याची ठरीव किंमत १२२ पौंडांवरून ३३० पौंडांवर गेली. मधल्या मात्रांची किंमत १०७ पौंडांवरून २५५ झाली आणि अगदी आरंभीच्या मात्रेसाठीही ९२ ऐवजी १३३ पौंड मोजण्याची पाळी आली. ओरड झाल्यावर कंपनीने औषधविक्रेत्यांना काही सूट देऊ केली आणि वाढीची धार थोडी बोथट झाली. परंतु सूट देणाऱ्याच्या मर्जीवर असते. ती आज मिळाली म्हणून उद्या मिळेलच असे नाही.

या भाववाढीतील सर्वांत बोलकी गोष्ट मात्र वेगळीच आहे. त्याच देशात, त्याच औषधासाठी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा जी किंमत देत होती, तिला या वाढीचा स्पर्शही झाला नाही. ही सेवा साऱ्या देशाच्या वतीने खरेदी करते. औषध तिच्या यादीत येण्यापूर्वी ‘नाइस’ या नावाने ओळखली जाणारी संस्था त्याचा गुण आणि त्याचा खर्च यांचा मेळ घालून पाहते, आणि मग वाटाघाटी होऊन भाव ठरतो. एकदा ठरलेला भाव कंपनीला मनास येईल तेव्हा बदलता येत नाही. उलट जो रुग्ण एकटा दुकानाच्या दारात उभा राहतो, त्याच्या वतीने बोलणारा कोणी नसतो. एकाच औषधाच्या या दोन किमती औषधाचे मोल सांगत नाहीत; त्या गिऱ्हाइकाची ताकद सांगतात.

मग हे लोक सरकारी सेवेकडेच का जात नाहीत, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की ते दार त्यांच्यासाठी अजून उघडलेले नाही. ‘नाइस’ने डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणावरील उपचारासाठी या औषधाला मान्यता दिली, तेव्हा सुमारे ३४ लाख लोक त्याला पात्र ठरतील असा हिशेब होता. एवढ्यांना एकदम औषध देणे तिजोरीला परवडणारे नव्हते आणि डॉक्टरांनाही झेपणारे नव्हते. म्हणून अंमलबजावणी बारा वर्षांवर पसरविण्यात आली आणि पहिल्या तीन वर्षांत सुमारे २ लाख २० हजार लोकांनाच ते द्यावे असे ठरले. जून २०२५ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या टप्प्यात तर ज्यांचा वजन-उंचीचा निर्देशांक ४० वा त्याहून अधिक आहे आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांसारख्या पाचांपैकी किमान चार व्याधी ज्यांना जडल्या आहेत, अशांचाच विचार झाला. भारतीय उपखंडातून गेलेल्यांसाठी ही मर्यादा अडीच अंकांनी खाली ठेवण्यात आली, कारण आपल्या लोकांना मधुमेह आणि हृदयविकार तुलनेने कमी वजनातच गाठतात. लंडन वा लेस्टरमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही म्हणूनच हा विषय परका नाही. परंतु एवढी सवलत मिळूनही बहुतेकांना चार व्याधी पुऱ्या होईपर्यंत थांबा, असेच सांगण्यासारखे ते होते. ब्रिटनमध्ये २०२५ साली सुमारे १५ लाख लोक अशी इंजेक्शने घेत असावेत आणि त्यांतील दहापैकी नऊ जण त्यांचा खर्च स्वतःच्या खिशातून करीत असावेत, असा अंदाज होता. पंधरा लाख ही काही लक्षाधीशांची संख्या नव्हे.

या औषधाचा स्वभाव लक्षात घेतला म्हणजे भाववाढ इतकी का बोचते हे कळते. जेवणानंतर आतड्यातून स्रवणाऱ्या, पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या द्रव्यांची ही नक्कल आहे. आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाचे आणि लहान मात्रेपासून पायरीपायरीने वर जावयाचे, अशी तिची पद्धत आहे. गुण निःसंशय आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत सरासरी सुमारे २१ टक्के वजन उतरले. परंतु पुढच्या चाचणीने दुसरी बाजूही दाखविली: औषध मध्येच थांबविलेल्यांचे वजन वर्षभरात सरासरी १४ टक्क्यांनी पुन्हा वाढले. म्हणजे हा तापावरील पाच दिवसांचा उपचार नाही. रक्तदाबाच्या गोळीप्रमाणे तो वर्षानुवर्षे चालू ठेवावा लागतो. ज्याला उपचार सोडता येत नाही, त्याला भावाबद्दल घासाघीसही करता येत नाही. शिवाय प्रत्येक पायरीगणिक मात्रा वाढते आणि मात्रेबरोबर किंमत वाढते. स्वस्त पायरीवर आत घ्यावे आणि वरच्या पायरीवर पोहोचल्यावर भाव वाढवावा, यात बेकायदा काही नसेलही. न्याय्य मात्र काही नाही.

येथे एक जुना आक्षेप पुढे येतो. जिभेला आवर घालावा, रोज चार मैल चालावे, म्हणजे सुईची गरजच काय, असे पुष्कळांना मनापासून वाटते. आहार आणि व्यायाम यांचे महत्त्व कोणी नाकारीत नाही. परंतु लठ्ठपणा हा केवळ आळसाचा पुरावा आहे, ही समजूत वैद्यकशास्त्राने केव्हाच मागे टाकली आहे. आनुवंशिकता, शरीराची घडण, बैठे काम, झोपेची हेळसांड आणि स्वस्तात स्वस्त तेच सर्वांत अपायकारक अशी बाजारातील खाद्यपदार्थांची स्थिती, या साऱ्यांचा त्यात वाटा असतो. सिगारेट ओढणाऱ्याच्या फुप्फुसावर आपण उपचार करतो; तेव्हा त्याच्या चारित्र्याची चौकशी करीत नाही. स्थूल माणसालाच तेवढा वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही. ही औषधे केवळ कपड्यांचे माप कमी करतात असेही नाही. ‘वेगोव्ही’ या नावाने विकल्या जाणाऱ्या सेमाग्लुटाइडने हृदयविकार असलेल्या स्थूल रुग्णांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने येणारा मृत्यू यांचा एकत्रित धोका सुमारे २० टक्क्यांनी घटविल्याचे २०२३ मध्ये दिसून आले आहे.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. नव्या औषधाच्या संशोधनाचा भार अमेरिकेतील रुग्णांनीच का वाहावा, युरोपातील संपन्न देशांनी आपला वाटा का उचलू नये, असे तिचे म्हणणे आहे. मे २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी अमेरिकेतील भाव इतर श्रीमंत देशांइतके खाली आणावेत असा आदेश काढला, त्याचे दडपण तिच्यावर होते. परंतु वॉशिंग्टनमधील तंट्याचा दंड मँचेस्टरमधल्या रुग्णाने का भरावा, याचे उत्तर या युक्तिवादात नाही. खर्चाचे म्हणावे, तर सेमाग्लुटाइडच्या महिन्याच्या मात्रांना पाच डॉलरहून कमी उत्पादनखर्च येतो, असा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. संशोधनाचा खर्च त्यात धरलेला नाही, हे खरे. पण ज्या मूळ शोधांवर ही औषधे उभी आहेत ते १९८० च्या दशकात बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात आणि कोपनहेगन विद्यापीठात लागले, हेही तितकेच खरे आहे.

या संदर्भात इतिहासातील एक योगायोग आठवतो. इन्शुलिनचा शोध लावणाऱ्या बँटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२३ मध्ये आपले पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एक डॉलर घेऊन देऊन टाकले. ते इन्शुलिन मोठ्या प्रमाणावर बनविण्याचे काम प्रथम एली लिलीकडे आले. ‘वेगोव्ही’ बनविणाऱ्या डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीचा उगमही टोरांटोहून परवानगी घेऊन १९२३ मध्ये कोपनहेगनला स्थापन झालेल्या इन्शुलिनच्या कारखान्यात आहे. आज वजनाच्या औषधांच्या बाजारावर ज्या दोन कंपन्यांचे राज्य आहे, त्या दोघींच्या पायात त्या एका डॉलरच्या दानाचा दगड आहे. कंपन्यांनी धर्मादाय संस्था व्हावे असे कोणी म्हणत नाही. परंतु नफ्यालाही मर्यादा असावी, एवढे म्हणण्याचा अधिकार या इतिहासाने समाजाला दिला आहे.

भाव आवाक्याबाहेर गेला म्हणून गरज संपत नाही. ती आडवाटा शोधते. कोणी मात्रा कमी करून पुरवून पुरवून घेतो, कोणी वापरून झालेल्या पेनमध्ये उरलेले थेंब सुईने ओढून घेण्याचा धोका पत्करतो, तर कोणी चिठ्ठीशिवाय विकणाऱ्याला गाठतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी नॉर्दम्प्टन येथे अशा इंजेक्शनांचा एक बेकायदा कारखानाच पकडला आणि हजारो पेन जप्त केली. बनावट औषध बनविणारा गुन्हेगार आहेच. परंतु त्याला गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्यांत चढा भावही असतो.

आता आपल्याकडे पाहू. भारतात मधुमेह्यांची संख्या १० कोटींच्या वर असल्याचे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने दाखविले. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष प्रमाणाबाहेर वजनाचे आहेत. ‘मौंजारो’ येथे मार्च २०२५ मध्ये आले, तेव्हा आरंभीच्या मात्रेच्या एका कुपीला ३,५०० आणि पुढच्या मात्रेच्या कुपीला ४,३७५ रुपये पडत. आठवड्याला एक कुपी या हिशेबाने महिन्याचा खर्च १४,००० ते १७,५०० रुपये झाला. महाराष्ट्रात प्राथमिक शाळेच्या शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ मध्ये वाढवून महिना १६,००० रुपये करण्यात आले होते, हे शेजारी मांडले म्हणजे अधिक भाष्याची गरज उरत नाही. ब्रिटनमध्ये निदान सरकारी दारापुढे रांग तरी आहे. आपल्याकडे या औषधासाठी प्रत्येक जण खाजगीच रुग्ण आहे. आरोग्य विमाही बहुधा रुग्णालयात खाट घेतल्याखेरीज उपयोगी पडत नाही.

भावनियंत्रणाचा कायदा आहे ना, असे म्हणता येईल. परंतु २०१३ च्या आदेशाने भावाची कमाल मर्यादा ठरते ती अत्यावश्यक यादीतील औषधांची, आणि ज्या नव्या औषधाला भारतीय पेटंट आहे त्याला पहिली पाच वर्षे या आदेशातूनच सूट आहे. जेथे स्पर्धा नाही तेथेच नियंत्रणही नाही, अशी ही रचना आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट न देता केवळ प्रक्रियेवर दिले, त्यामुळे भारत जगाला स्वस्त औषधे पुरवू शकला. २००५ मध्ये तो कायदा बदलावा लागला. तरीही सक्तीच्या परवान्याची तरतूद त्यात शिल्लक आहे. २०१२ मध्ये कर्करोगावरील एका औषधासाठी ती वापरली, तेव्हा महिन्याचा २ लाख ८० हजार रुपयांचा खर्च ८,८०० रुपयांवर आला. स्पर्धेचा नुसता चाहूल लागण्यानेही काय होते ते ‘वेगोव्ही’ने दाखविले. सेमाग्लुटाइडवरील पेटंटाची भारतातील मुदत मार्च २०२६ पर्यंतची. ती जवळ येताच नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने आपल्या किमती ३७ टक्क्यांपर्यंत उतरविल्या. औषध त्या महिन्यात काही स्वस्तात बनू लागले नव्हते.

परंतु पेटंट संपणे म्हणजे प्रश्न संपणे नव्हे. अनेक कंपन्यांची इंजेक्शने बाजारात आली म्हणजे भाव उतरेल, आणि त्याबरोबर सौंदर्यप्रसाधनाच्या दुकानांतून ती टोचून देणाऱ्यांचे पीकही येईल. मळमळ, उलट्या, पित्ताशयाचे आणि क्वचित स्वादुपिंडाचे विकार हे या औषधाचे उपद्रव आहेत. लग्नसराईपूर्वी चार किलो उतरविण्याचे हे साधन नव्हे. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीचा नियम कागदावर न राहता दुकानात पाळला गेला पाहिजे. दुसरे म्हणजे, मधुमेहाबरोबर हृदयविकार आणि लठ्ठपणा असलेल्यांसाठी या वर्गातील औषधे जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या अत्यावश्यक यादीत घेतली. आपल्या राष्ट्रीय यादीनेही तोच विचार करावा, म्हणजे भावाला कायद्याचे छप्पर मिळेल. तिसरे, केंद्र आणि राज्ये यांनी एकत्र येऊन घाऊक खरेदी करावी आणि सर्वांत गरजू रुग्णांना सरकारी रुग्णालयांतून ती द्यावीत. आणि चौथे, दीर्घकाळ चालणाऱ्या उपचाराचा भाव एकदा सुरुवात झाल्यावर ठरावीक काळ वाढविता येऊ नये, असा नियम करावा. घरभाडे मनमानी वाढवू नये म्हणून करार असतो. औषधाच्या बाबतीत तो असण्यात गैर काय?

ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेचे जनक अन्यूरिन बेव्हन यांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, ते चष्मा आणि दातांची कवळी यांवर शुल्क बसविण्याच्या प्रश्नावरून. एवढ्या लहान गोष्टीवर कोणी राजीनामा देतो काय, असे तेव्हाही विचारले गेले. रुग्णाच्या खिशाकडे पाहून उपचार ठरू लागला की तो कोठे थांबेल हे सांगता येत नाही, ही त्यांची भीती होती. आज ३३० पौंडांची चिठ्ठी हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ती भीती कोणी समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे सरकारच्या हाती कायदाही आहे आणि औषध बनविणारे कारखानेही आहेत. ते वापरावयाचे की रुग्णाला एकट्याला दुकानाच्या दारात उभे करावयाचे, एवढेच ठरवावयाचे राहिले आहे.