डोंगराची जाळरेषा आणि आपले पाचट

थंडीच्या दिवसांत सागरेश्वर अभयारण्याच्या कडेने धूर दिसला की सभासद हटकून विचारतात, "वनखात्यानं जाळलेलं चालतं आणि आम्ही पाचट पेटवलं की गुन्हा, हा कुठला न्याय?" प्रश्न रोखठोक आहे. उत्तरही तसेच द्यायला हवे.

वनखाते जे जाळते ती जाळरेषा. वाळलेल्या गवताचा पट्टा दोन्ही कडांनी आधी कापून साफ करायचा, वारा पडलेला पाहून, ओल्या फांद्या घेतलेली माणसे उभी करून मधले गवत जाळून टाकायचे. पुढे वणवा आला तर त्या पट्ट्यात त्याला खायला काही उरत नाही. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, म्हणून हे काम त्याआधी उरकावे लागते. आपण पाचट पेटवतो ते मार्च-एप्रिलच्या भर दुपारी, आणि काडी लावून जेवायला घरी जातो! धूर तेवढा दोन्हीकडे सारखा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३० प्रमाणे अभयारण्याला धोका होईल असा विस्तव पेटवणे किंवा पेटता सोडणे मना आहे, हेही ध्यानात असू द्या.

पायवाटांचेही तसेच. सहलीला येणाऱ्यांना वाटते, वाटा आपल्यासाठी केल्या आहेत. पण आग चढाला धावते आणि माणूस चढाला धापा टाकतो. घाणेरीने वाट बुजली असेल तर वनमजूर आगीपाशी पोचेपर्यंत अर्धी टेकडी काळी होते. झाडून ठेवलेली वाट मात्र लहानसहान आग जागच्या जागी अडवते.

हे रान आयते मिळालेले नाही. धों. म. मोहिते यांनी माणसे जमवून उघड्या डोंगरावर झाडे उभी केली, तेव्हा १९८५ साली कडेगाव, पलूस व वाळवा तालुक्यांच्या शिवेवर हे सुमारे ११ चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले. आपल्याच भागातल्या हातांचे हे काम आहे.

"जाळलं की पुढल्या साली गवत जोमानं येतं," असे जुनी माणसे सांगतात. येते, पण पाऊस पडल्यावर. मधले तीन-चार महिने चितळ-सांबरांनी खायचे काय? कुंपणाला भगदाड सापडले की ती आपल्या खोडव्यात उतरणार, आणि आपण रात्रभर माळ्यावर डबे बडवत बसणार. शिवाय दरसाल आग लागली तर नवी रोपे वर येतच नाहीत.

पाचटाचे काय करायचे, हे शेतकी खाते कितीदा सांगते! हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. ते खोडव्याच्या सरीत पसरा, बुडखे जमिनीलगत छाटा, वर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो जिवाणू खत टाका. तण कमी, पाणी कमी. जाळून हाती राख तेवढी येते.

आता थोडे कारखान्यालाही सांगायचे आहे. डोंगरकडेच्या फडांना जानेवारीअखेर तोड मिळावी. नोंदीच्या क्रमावरून कुरकुर होईल, ती आम्हाला मान्य आहे. पण वाळल्या गवताला लागून उभा ऊस मार्चपर्यंत ठेवणे परवडणारे नाही. तसेच आग डोंगराकडून आली असे पंचनाम्यात दिसत असेल तर जळीत उसाची कपात सरसकट लावू नये. स्वतः पेटवणाऱ्याला आणि होरपळलेल्याला एकाच मापाने मोजणे आम्हाला पटत नाही.

आणि कडेच्या गावांतील सभासदांनी डिसेंबर-जानेवारीत घरटी एक माणूस दोन दिवस द्यावा. आधी वनरक्षकाला भेटून परवानगी घ्यावी. आपण गवत कापायचे, वाटा मोकळ्या करायच्या. जाळण्याचे काम खात्याच्याच माणसांनी करावे, त्यात आपल्या तरुणांनी उत्साह दाखवू नये. कोयता ज्याचा त्याने आणावा. विड्या-काडेपेट्या घरी ठेवाव्यात.