इमामसाहेब, दुआ जरा हळू

जुम्म्याला रानशेतहून डहाणूला पोचेपर्यंत माझी एक रकात हुकतेच. शाळेतून निघायचं, मग शेअर जीप भरेपर्यंत थांबायचं. दुसरं काय होणार? इमामसाहेबांनी सलाम फेरला की मी उरलेली रकात पुरी करायला उठतो, आणि नेमकी तेव्हाच माइकवर दुआ सुरू होते. माझी फातिहा अर्ध्यावर, चहूकडून ‘आमीन, आमीन’. कुठवर आलो होतो तेच विसरायला होतं. मागच्या सफेत असे आम्ही बरेच असतो. कुणी फुग्याच्या कारखान्यातून सुटून आलेला, कुणी चिकूचा टेम्पो बाहेर लावून.

हे कुणाला बोललो की लगेच विचारतात, ‘गुरुजी, तुम्ही दुआ मानत नाही का?’ चौदाव्या शतकात ग्रानाडात इमाम शातिबींनाही हेच ऐकावं लागलं होतं. ते स्वतः इमामत करत, पण फर्ज नमाजीनंतर सामूहिक दुआ मागत नसत. तेवढ्यावर लोकांनी त्यांना दुआविरोधी ठरवलं. त्यांच्याच शहरातले इब्न लुब्ब मात्र सामूहिक दुआच्या बाजूने उभे राहिले.

फर्ज नमाजीनंतरची दुआ जास्त ऐकली जाते, अशी हदीस तिर्मिझीत आहे. इब्न तैमिया तिचा अर्थ सलाम फेरण्याआधीची दुआ असा लावतात, आणि रोज जमातीने मिळून मागण्याला बिदअत म्हणतात. उलट दिल्लीच्या मुफ्ती किफायतुल्लांनी फर्जनंतरच्या दुआवर पुस्तिकाच लिहिली, ती तिच्या समर्थनाची. दोन्हीकडे मोठी माणसं आहेत. एकमेकांना गुमराह ठरवायची घाई आपल्यालाच.

मी कोकणी, म्हणजे शाफई. माहीमचे मखदूम अली माहिमी याच मजहबचे. आमच्यात फजरच्या दुसऱ्या रकातीत इमाम मोठ्याने कुनूत म्हणतो आणि मागचे आमीन म्हणतात. म्हणजे सामूहिक दुआ आम्ही रोज पहाटे नमाजीच्या आतच मागतो. हनफी मित्रांना त्याचं नवल वाटतं. सलामनंतरचं मात्र इमाम शाफईंनी ‘अल-उम्म’मध्ये सरळ सांगून ठेवलंय: इमाम आणि मुक्तदी दोघांनी जिक्र हळू आवाजात करावा. लोकांना शिकवायचं असेल तर इमामाने मोठ्याने म्हणावं, आणि ते शिकले की पुन्हा हळू. शाफईंचं निधन इ. स. 820 चं. आपलं शिकणं अजून चालूच आहे म्हणायचं!

एक मात्र मान्य करतो. अरबी न कळणाऱ्याला या दोन मिनिटांतच काहीतरी उमगतं. ‘या अल्लाह, बीमारों को शिफा दे’ म्हटल्यावर शेजारच्या म्हाताऱ्याचा गळा दाटून येतो. घरी कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं असणार. ही दुआ बंद करा, असं त्याच्या तोंडावर मी तरी म्हणणार नाही.

म्हणून म्हणतो, सामूहिक दुआ गरजेला ठेवा. पाऊस लांबला, रानशेतच्या खाचरांत आवण पिवळं पडायला लागलं, तर जुम्म्याच्या खुत्ब्यात जरूर हात उचला. बुखारीत तशी हदीस आहे: एका बेदुइनाने दुष्काळाचं गाऱ्हाणं मांडलं, पैगंबरांनी हात उचलले, लोकांनीही उचलले. एरवी सलामनंतर इस्तिगफार, मग 33 वेळा सुब्हानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह, 33 वेळा अल्लाहु अकबर, आणि ज्याची त्याने आपल्या भाषेत दुआ. माझ्या वर्गातल्या वारली पोरांनाही कविता एकदा पाठ झाली की मी पुढे म्हणत नाही.

आणि रोज मागायचीच असेल, तर अधूनमधून मुद्दाम सोडा. मुस्तहब गोष्ट लोक फर्ज समजू नयेत म्हणून फुकहांनीच हा उपाय सांगितलाय. त्या दिवशी मशिदीत कुजबुज होईल, कमिटीकडे तक्रारही जाईल. जाऊ द्या. निदान माइक तरी बंद ठेवा, मागच्या सफेतल्या लोकांची नमाज अजून व्हायची असते.